वाचक विचारतात : गोष्ट वळवणारे गेम

आपण घेतलेल्या निर्णयांनी कथा बदलते अशा गेमबद्दल या वेळी भरपूर प्रश्न आले. सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तर दिलं आहे. 'मास इफेक्ट २', 'द विचर ३' आणि 'डेट्रॉइट' यांच्या उत्तरांत कथेतल्या गोष्टी उघड होतात. हे गेम खेळायचे राहिले असतील तर ती उत्तरं सध्या वाचू नका.

'द वॉकिंग डेड' मी दोनदा खेळलो. पहिल्या भागात एकदा डगला वाचवलं, एकदा कार्लीला. पुढे गोष्ट दोन्ही वेळा त्याच वाटेने गेली. 'क्लेमेंटाइन हे लक्षात ठेवेल' असं पडद्यावर येतं, ते नुसतं दाखवायलाच का?
— वाचक, नाशिक

निम्मं दाखवायला, निम्मं खरं. टेलटेल कंपनीच्या २०१२ च्या या गेममध्ये डग किंवा कार्ली यांपैकी ज्याला तुम्ही वाचवता, ते माणूस तिसऱ्या भागात मरतंच. तिथून पुढची गोष्ट लेखकांना एकदाच लिहावी लागते. यामागे साधं गणित आहे. प्रत्येक वेळी दोन पर्याय आणि असे दहा प्रसंग, एवढ्यानेच १,०२४ वेगळ्या वाटा होतात. प्रत्येक वाटेचे संवाद लिहायचे, आवाज ध्वनिमुद्रित करायचे, हालचाली बसवायच्या, तर कुठलीच कंपनी टिकणार नाही. म्हणून बहुतेक गेम फाटा फोडतात, थोडं अंतर दोन वाटांनी चालवतात आणि सगळ्यांना पुन्हा एका जागी आणून सोडतात.

त्यामुळे शेवट किती आहेत हे मोजून काही कळत नाही. गेम काय लक्षात ठेवतो आणि त्याची किंमत कधी वसूल करतो, ते बघायला हवं. 'वॉकिंग डेड'मध्ये तुम्ही कुठे पोचणार ते ठरलेलं आहे. तिथे तुम्ही कसे वागत पोचलात आणि तुम्ही सांभाळत असलेली छोटी क्लेमेंटाइन तुमच्याकडे बघून काय शिकली, एवढंच तुमच्या हातात असतं. त्या मापाने तो गेम उत्तम आहे. पडद्यावरची सूचना मात्र जरा जास्तच आश्वासन देते, हे मान्य.

खरा फाटा बघायचा असेल तर 'द विचर २' (२०११) खेळा. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी रोश आणि योरवेथ यांपैकी एकाची बाजू घ्यावी लागते. रोशबरोबर गेलात तर दुसरं प्रकरण राजा हेन्सेल्टच्या छावणीत घडतं, योरवेथबरोबर गेलात तर वेर्गेन शहरात. माणसं वेगळी, कामं वेगळी. एका खेळात गेमचा मोठा तुकडा तुम्हाला दिसतच नाही. एवढी मेहनत न दिसणाऱ्या भागावर करायला कंपन्या सहसा तयार नसतात.

त्याच मालिकेच्या पहिल्या भागात (२००७) दुसरी युक्ती आहे. नदीकाठी पेट्यांची राखण करताना बंडखोर एल्फ त्या मागायला येतात. दिल्या तर त्या वेळी काहीच होत नाही. बऱ्याच तासांनी, पुढच्या प्रकरणात शहरातला एक माणूस बाणांनी मारला गेलेला सापडतो आणि ते बाण त्याच पेट्यांतले असतात. परिणाम इतका लांब ढकलला की जुना सेव्ह (साठवून ठेवलेला खेळ) उघडून निर्णय फिरवायची सोय राहत नाही. निर्णयाला वजन द्यायचा याहून स्वस्त आणि पक्का उपाय आमच्या माहितीत नाही.

विकत घेण्याआधी पारखायचं तर गेमची एक-दोन तासांची दोन वेगळी चित्रणं बघा आणि एखादं पात्र, जागा किंवा काम एकात आहे नि दुसऱ्यात नाही असं दिसतं का ते शोधा. नुसती वाक्यं बदलत असतील तर तेवढीच अपेक्षा ठेवा. स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर परत करता येतो. मात्र अशा गेमचे पहिले दोन तास बहुतेकदा फसवे असतात, कारण सगळ्यात जास्त फाटे तिथेच दाखवलेले असतात.

'मास इफेक्ट २'च्या शेवटच्या मिशनमध्ये माझे पाच साथीदार मेले. लढाई तर नीट जिंकलो होतो. नशीब वाईट म्हणायचं का?
— वाचक, कोल्हापूर

नशिबाचा यात काहीही संबंध नाही. या मिशनमधला प्रत्येक मृत्यू आधीच्या तयारीवरून आणि तुमच्या निवडींवरून ठरतो आणि तुमचा नेमबाजीचा हात कितीही चांगला असला तरी त्याने फरक पडत नाही.

पहिली पायरी जहाज, म्हणजे तुमचं अंतराळयान. तीन सुधारणा हव्यात: जाड चिलखत (जेकबशी बोलल्यावर मिळते), ढाल (टालीकडून) आणि थॅनिक्स तोफ (गॅरसकडून). त्यासाठी ग्रहांवरून खनिजं गोळा करावी लागतात. ते काम कंटाळवाणं असतं म्हणून बरेच जण टाळतात. यांतली जी सुधारणा राहील तिच्यामागे प्रवासातच एक साथीदार जातो. चिलखत नसेल तर जॅक मरते.

दुसरी पायरी निष्ठा. प्रत्येक साथीदाराचं वैयक्तिक मिशन पूर्ण करा. मग मिरांडा आणि जॅक यांचं भांडण होतं, टाली आणि लीजन यांचंही. त्यात एकाची बाजू घेतली की दुसऱ्याची निष्ठा जाते. दोघांनाही शांत करणारा पर्याय हवा असेल तर तुमचा पॅरागॉन (सज्जन वागणं) किंवा रेनेगेड (दांडगाईचं वागणं) यांपैकी एक आकडा बराच वर असावा लागतो. म्हणून पूर्ण खेळभर एकच स्वभाव धरून चाला. दोन्हीकडे थोडंथोडं करणाऱ्याचा नेमका इथे घात होतो.

तिसरी पायरी वेळ. 'रीपर आयएफएफ' (शत्रूच्या जहाजाचं ओळख-यंत्र) हाती आल्यावर एक-दोन मिशननंतर तुमचे खलाशी पळवले जातात. पळवल्यावर लगेच निघालात तर सगळे वाचतात. मध्ये एक ते तीन मिशन केलीत तर निम्मे जातात, त्याहून जास्त केलीत तर डॉक्टर चॅकवास सोडून कोणी उरत नाही. म्हणून बाकी सर्वांची निष्ठा-मिशनं आयएफएफच्या आधी उरका. आयएफएफ मिळाल्यावर लीजन या यंत्रमानवाला लगेच चालू करा, त्याचंच मिशन पहिलं करा.

चौथी पायरी कामवाटप, आणि चुका इथेच होतात. नळीतून जायला टाली, लीजन किंवा कासुमी. दोन्ही वेळा तुकडीचं नेतृत्व गॅरस, जेकब किंवा मिरांडा यांच्याकडे. पहिल्या तुकडीचा नेता चुकला तर मरतो नळीतला माणूस, नेता नव्हे, त्यामुळे खेळणाऱ्याला कारणच कळत नाही. बायोटिक (मनःशक्तीच्या) कवचासाठी जॅक किंवा समारा (समाराऐवजी मोरिंथ निवडली असेल तर ती). मिरांडा "मला जमेल" म्हणते, तिचं ऐकू नका. हे सगळे निष्ठावान असायला हवेत.

शेवटी जे मागे थांबून दार राखतात त्यांच्या ताकदीची सरासरी काढली जाते. निष्ठावान गॅरस, ग्रंट, झाईद यांचे प्रत्येकी ४ गुण. जॅक, टाली, कासुमी, मॉर्डिन यांचा प्रत्येकी १. बाकीच्यांचे २. निष्ठा नसेल तर एक गुण कमी. पाच किंवा जास्त जण असतील तर सरासरी २ किंवा वर हवी. आता बघा: बहुतेक जण सर्वांत दणकट म्हणून गॅरस आणि ग्रंटला शेवटच्या लढाईला सोबत नेतात आणि खलाशांना परत पोचवायला थेनला पाठवतात. मागे झाईद ४, समारा, लीजन, जेकब, मिरांडा मिळून ८, आणि जॅक, कासुमी, टाली, मॉर्डिन मिळून ४. एकूण १६, माणसं नऊ, सरासरी १.७८. एकजण मरणार, आणि मरणाच्या यादीत पहिला नंबर मॉर्डिनचा.

त्याऐवजी मॉर्डिनला खलाशांबरोबर पाठवा आणि टाली, मिरांडाला सोबत घ्या. मागच्या नऊ जणांचे २२ गुण होतात, सरासरी २.४४, सगळे जिवंत. सोबत नेलेले दोघेही निष्ठावान हवेत, नाहीतर ते तिथेच जातात. आणि एकूण दोन साथीदारही वाचले नाहीत तर तुमच्या पात्राचा, म्हणजे शेपर्डचाही शेवट होतो आणि तो सेव्ह तिसऱ्या भागात नेता येत नाही.

'द विचर ३'मध्ये सिरीचा शेवट फार वाईट झाला. संवाद तर साधेच होते, काय चुकलं?
— वाचक, ठाणे

संवाद साधे होते हेच तर कारण. जगाचं काय होणार असले मोठे प्रश्न बाजूला ठेवून गेम एकच गोष्ट मोजतो: बाप म्हणून तुम्ही मानलेल्या मुलीला, सिरीला, तिचं तिचं करू दिलंत का. मोजले जाणारे प्रसंग पाच आहेत. केर मोरहेनच्या लढाईनंतर ती खचलेली असते, तेव्हा "सगळंच जमायला हवं असं नाही" म्हणत दारू पाजण्यापेक्षा बर्फाचे गोळे फेकण्याचा पर्याय घ्या. तिला सम्राट एम्हीरकडे नेलंत तर तो देतो ते बक्षीस घेऊ नका. चेटकिणींच्या मंडळाशी बोलायला तिला एकटीला जाऊ द्या. आव्हालाखची प्रयोगशाळा तिला फोडू द्या, "शांत हो" म्हणू नका. आणि स्क्यालच्या थडग्यावर तिच्याबरोबर जा. होकारांची बाजू जड झाली की ती जगते.

जगली तर पुढे विचर (राक्षसांची शिकार करणारी) होणार की सम्राज्ञी, हे वेगळं ठरतं. सम्राज्ञी व्हायला तिला एम्हीरकडे नेलेलं असावं लागतं, शिवाय निल्फगार्डने (एम्हीरच्या साम्राज्याने) युद्ध जिंकायला हवं. त्यासाठी शत्रूराजा राडोविदच्या हत्येचं 'रीझन ऑफ स्टेट' हे मिशन करून शेवटी रोशची बाजू घ्यायची. इथे दोन खड्डे आहेत. नोविग्राडमध्ये डायक्स्ट्राला जोरात बाजूला ढकलण्याचा पर्याय येतो, तो घेतलात तर हे मिशन कायमचं बंद. आणि 'अ डेडली प्लॉट', 'अॅन आय फॉर अॅन आय', 'रेडानियाज मोस्ट वॉन्टेड' ही कामं 'आयल ऑफ मिस्ट्स'ला जाण्याआधी झालेली हवीत. त्या बेटावर जाताना गेम इशारा देतो. ती पाटी वाचून पुढे न जाता मागे फिरा आणि त्याच ठिकाणी एक वेगळा हाताने केलेला सेव्ह ठेवा. आपोआप होणाऱ्या सेव्हवर विसंबू नका, ते एकमेकांवर लिहिले जातात.

याच पत्रात बॅरनबद्दलही विचारलं आहे. टेकडीखालच्या झाडातल्या आत्म्याला सोडलंत तर दलदलीतली मुलं वाचतात, पण बॅरनची बायको ॲना मरते आणि बॅरन गळफास घेतो. आत्म्याला मारलंत तर बॅरन ॲनाला घेऊन उपचारासाठी निघतो, मुलं मात्र जातात. दोन्ही साधणारी वाट शोधत बसू नका. ती अडचण मुद्दामच ठेवलेली आहे.

'डेट्रॉइट'मध्ये एक प्रसंग पुन्हा खेळून दुसरा फाटा बघायचा आहे, पण माझी मूळ गोष्ट बिघडू द्यायची नाही.
— वाचक, पुणे

प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी आकृती (फाट्यांचा नकाशा) दिसते. मुख्य यादीतून तो प्रसंग निवडा, आकृतीतल्या टप्प्यांपैकी हवा तो घ्या. सुरू करताना सेव्ह चालू ठेवून खेळायचं की बंद ठेवून, असं विचारलं जातं. बंद ठेवलंत तर मूळ गोष्ट शाबूत राहते, आकृतीतल्या नव्या खिडक्या मात्र उघडतात.

अडचण एकच: सेव्ह बंद असताना तुम्ही बदललेलं पुढच्या प्रसंगांना कळत नाही. एखाद्या निर्णयाचा लांबचा परिणाम बघायचा तर तिथून सेव्ह चालू ठेवून पुढचे सगळे प्रसंग परत खेळावे लागतात. 'द नेस्ट'मध्ये छतावरून लटकणाऱ्या हँकला (तुमच्या कॉनरच्या जोडीदार पोलिसाला) वाचवायचं की पळणाऱ्याचा पाठलाग करायचा, तेव्हा पडद्यावर हँकची जगण्याची शक्यता ८९ टक्के दिसते. आकडा बघून कॉनर पळत सुटला तर हँक मरत नाही, पण दोघांच्या नात्याची नोंद होते आणि ती अनेक प्रसंगांनंतर समोर येते. सेव्ह बंद ठेवून हे तुम्हाला दिसणारच नाही. प्लेस्टेशन ४ वर असाल तर प्रयोग करण्याआधी सेटिंगमधून सेव्ह यूएसबीवर उतरवून घ्या, म्हणजे परत येता येईल.

पहिल्या खेळात आकृतीकडे फार बघू नका, असा आमचा सल्ला. रिकाम्या चौकटी दिसल्या की माणूस गोष्ट सोडून चौकटी भरायला लागतो.

माझा मुलगा १२ वर्षांचा आहे. 'मारामारी नाही, नुसते निर्णय घ्यायचे' म्हणून 'डेट्रॉइट' मागतो. घ्यावा का?
— एक आई, रत्नागिरी

नको. युरोपातल्या पेगी मंडळाने त्याला १८ आणि अमेरिकेच्या ईएसआरबीने १७ वर्षांवरच्यांसाठीचा शिक्का दिला आहे, आणि यात ते बरोबर आहेत. त्यात घरात मुलीला होणारी मारहाण फार जवळून दाखवली आहे. 'लाइफ इज स्ट्रेंज' दिसायला सौम्य, पण त्यात आत्महत्येचा प्रयत्न आहे, तोही या वयाला नाही. 'अंडरटेल' चालेल. ईएसआरबीने त्याला १० वर्षांवरच्यांसाठी ठरवलं आहे, आणि मारायचं की बोलून सोडवायचं हा निर्णय त्यात प्रत्येक लढाईत घ्यावा लागतो.

लॅपटॉप जुना आहे, ४ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड नाही. निर्णयांचे चांगले गेम चालतील का?
— वाचक, लातूर

चालतील, आणि त्यांतले दोन तर या प्रकारातले सर्वोत्तम आहेत. ('बाल्डर्स गेट ३'ला १५० जीबी जागा लागते, तो विचार सोडा.)

'पेपर्स, प्लीज' (२०१३) हा लुकास पोप या एकट्या माणसाने केलेला गेम. तुम्ही आर्स्टोट्झ्का या काल्पनिक देशाच्या सीमेवर कागदपत्रं तपासणारे कारकून, वर्ष १९८२. बरोबर तपासलेल्या माणसामागे ५ क्रेडिट मिळतात. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद, तिसरीपासून दंड. रात्री भाडं, जेवण, शेकोटी, औषध यांत पैसे वाटायचे. पैसे कमी पडले की घरातलं कोणी आजारी पडतं. इथे संवादांची यादी कुठेच नाही, तुमचा शिक्का हाच निर्णय. एखाद्या बाईकडे परवाना नाही, तिचा नवरा नुकताच आत गेला आहे. सोडलंत तर एक चूक खर्ची पडते. अनुभवी खेळाडू त्या दोन फुकट चुका दया दाखवायला राखून ठेवतात. शेवट २० आहेत आणि गेम प्रत्येक दिवसाचा सेव्ह ठेवतो, त्यामुळे कुठल्याही दिवसावर जाऊन नवी फांदी काढता येते. हात संथ असेल तर सोपी पातळी निवडा, तीत रोज २० क्रेडिट जास्त मिळतात.

'अंडरटेल' (२०१५) साधारण २०० एमबी जागा घेतो. त्याचा खोडकरपणा असा की सेव्ह उघडून मागे गेलात तरी तो विसरत नाही. सुरुवातीला भेटणाऱ्या टोरिएलला मारून, पस्तावून, परत येऊन वाचवलंत तर पुढे फ्लॉवी हे पात्र तुम्हाला त्यावरून टोचून बोलतं. सगळ्यांना मारत गेलात आणि शेवटी आत्मा देऊन टाकलात तर त्यानंतर मिळणारा चांगला शेवटही डागाळलेला मिळतो. ही नोंद मुख्य सेव्हपासून वेगळ्या दोन फाइलींत असते. विंडोजवर 'ॲपडेटा'तल्या 'लोकल'मध्ये 'अंडरटेल' नावाचा फोल्डर असतो, त्यात 'सिस्टम इन्फर्मेशन' ९६२ आणि ९६३ अशा फाइली सापडतील. त्या काढल्या की डाग जातो. पण आधी सगळ्या फोल्डरची प्रत करून ठेवा.

'डिस्को एलिसियम'मध्ये फासे पडले नाहीत की मी सेव्ह उघडून परत टाकतो. हे बरोबर आहे का?
— वाचक, न्यू जर्सी

गुन्हा नाही, पण गेमचा चांगला भाग त्यात हुकतो. दोन फाशांची बेरीज अधिक तुमचं कौशल्य, आणि ते ठरलेल्या आकड्याएवढं किंवा जास्त हवं. कौशल्य ४ आणि आकडा १२ असेल तर फाशांवर ८ हवेत, म्हणजे ३६ पैकी १५ शक्यता, साधारण ४२ टक्के. दोन षटकार पडले तर नेहमी यश, दोन एक्के पडले तर नेहमी अपयश, म्हणून पडद्यावर ९७ च्या वर कधी दिसत नाही.

पांढरा चेक (पुन्हा करता येणारी फाशांची चाचणी) हरलात तर त्या कौशल्यात एक गुण घातला की पुन्हा उघडतो, कधी परिस्थिती बदलल्यानेही. म्हणून पातळी वाढल्यावर गुण लगेच खर्च करू नका, एक-दोन हातात ठेवा आणि अडकलेल्या पांढऱ्या चेकवर वापरा. लाल चेक मात्र एकदाच. टाकण्याआधी आकड्यावर कर्सर नेऊन बघा, कुठल्या गोष्टींनी अधिक-उणे झालं आहे ते दिसतं. आधी दुसऱ्याशी बोलून किंवा कपडे बदलून ते सुधारता येतं. अपयशाचं लिखाण अनेकदा यशापेक्षा भारी आहे, तेव्हा निदान पहिल्या खेळात पडतील ते फासे घ्या.

एक सावधगिरी: शरीराची कौशल्यं अगदी कमी ठेवलीत तर पहिल्याच खोलीत पंख्यावरचा टाय ओढताना हृदय बंद पडून गेम संपू शकतो. तब्येत सावरायला नोसाफेड, मनोधैर्याला मॅग्नेशियम. दोन्हींपैकी एकेक सतत जवळ असू द्या.

'बाल्डर्स गेट ३'मध्ये लाँग रेस्ट घेतला की वेळ जाते आणि कामं हुकतात म्हणून मी जवळजवळ झोपतच नाही. योग्य?
— वाचक, बेळगाव

उलटं होतंय. साथीदारांचे बरेच प्रसंग मुक्कामावर रात्रीच घडतात. रात्र कमी झाली की ते रांगेत साचतात आणि काही तर कायमचे निसटतात. पूर्ण विश्रांतीला साध्या पातळीवर ४० खाद्य-गुण लागतात, टॅक्टिशियन या अवघड पातळीवर ८०. दिसेल ते अन्न उचलत गेलात तर कमी पडत नाही.

खरोखर वेळेला बांधलेली कामं मोजकी आहेत. जळणाऱ्या 'वॉकीन्स रेस्ट'जवळ पोचलात की झोपण्याआधी आतल्या माणसांना काढा. ग्रिमफोर्जला पोचलात तर अडकलेल्या निअरला दोन विश्रांतींच्या आत सोडवा. आणि शापित सावल्यांच्या प्रदेशात जाण्याआधी ग्रोव्ह ही वस्ती आणि गॉब्लिनांची टोळी यांचा निकाल लावा. गॉब्लिनांच्या बाजूने ग्रोव्हवर हल्ला केलात तर कारलाख आणि विल हे साथीदार सोडून जातात, हॅल्सिनही मिळत नाही. हे गेम आधी सांगत नाही.

आपल्याकडचा असा एखादा गेम आहे का?
— वाचक, सोलापूर

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (२०२०) लोकांना माहीत आहे, पण त्यात निर्णय नाहीत, एकच सरळ वाट आहे. भोपाळच्या पायरोडॅक्टिलचा 'अनरेस्ट' (२०१४) बघा. प्राचीन भारताच्या धर्तीवरचं भीमरा नावाचं शहर, दुष्काळ, आणि वेगवेगळ्या थरांतली माणसं आळीपाळीने तुमच्या हाती येतात. संवादात समोरच्याचा स्नेह, आदर आणि भीती हे तीन आकडे वेगवेगळे हलतात. तुमचं पात्र मेलं तरी गोष्ट पुढे जाते. मारामारीचा भाग कच्चा आहे, ती टाळूनच खेळा.

मला मराठीत अशी छोटी गोष्ट-खेळ करायचा आहे. प्रोग्रामिंग येत नाही.
— वाचक, चंद्रपूर

ट्वाइन हे गोष्ट-खेळ बनवायचं साधन वापरा. फुकट आहे, देवनागरी चालते आणि शेवटी एकच एचटीएमएल फाइल मिळते, जी कुणाच्याही फोनवरच्या ब्राउझरमध्ये उघडते.

आधी कागदावर चौकटी काढा. पहिल्या गोष्टीला १५ ते २० चौकटी आणि तीन शेवट पुरेत. दोनच मोठे फाटे ठेवा, बाकीचे निर्णय नोंदीत जाऊ द्या. म्हणजे आजीला खरं सांगितलं की नाही, एवढंच गेमने लक्षात ठेवायचं आणि चौथ्या प्रसंगात आजीचं एक वाक्य त्यावरून बदलायचं. फाटे फोडण्यापेक्षा हे दसपट कमी कष्टाचं आणि वाचणाऱ्याला जास्त लागतं.

ट्वाइनमध्ये प्रत्येक चौकट म्हणजे एक पॅसेज. दुहेरी चौकोनी कंसात शब्द लिहिलात की त्या नावाचा पुढचा पॅसेज आपोआप तयार होतो. वाक्य एक आणि पॅसेजचं नाव दुसरं हवं असेल तर मध्ये उणे चिन्ह आणि मोठं-चिन्ह जोडून बाण (->) करा. नोंद ठेवायला हार्लो या प्रकारात 'सेट' आणि वापरायला 'इफ' एवढे दोनच आदेश शिकायचे. व्हेरिएबलची (म्हणजे अशा नोंदींची) नावं साध्या रोमन अक्षरांत ठेवा. काना-मात्रा थोडी इकडेतिकडे झाली की ट्वाइन ते नवं नाव समजतं आणि चूक डोळ्याला दिसत नाही. पॅसेजच्या नावातही हीच भानगड होते: बाणापुढचं नाव एका वेलांटीने चुकलं तर तुमच्या नकाशात एक रिकामी चौकट उगवते. अनोळखी रिकामी चौकट दिसली की आधी शुद्धलेखन तपासा.

व्हेरिएबलला सुरुवातीची किंमत पहिल्याच पॅसेजमध्ये द्या. तपासताना 'टेस्ट फ्रॉम हिअर' वापरून मधूनच सुरू केलंत तर ती किंमत दिलेली नसते आणि 'इफ'चं उत्तर उलटं येतं. म्हणून शेवटची तपासणी नेहमी पहिल्या पॅसेजपासून करा, प्रत्येक शेवटापर्यंत.

ब्राउझरमधलं ट्वाइन वापरत असाल तर तुमचं काम त्या ब्राउझरच्या साठ्यातच असतं. कुणी हिस्टरी साफ केली की गोष्ट गेली. रोज काम संपताना अर्काइव्ह फाइल उतरवून घ्या किंवा कॉम्प्युटरवर बसवायची आवृत्ती घ्या. गोष्ट तयार झाली की 'बिल्ड'मधून 'पब्लिश टू फाइल', आणि ती फाइल आधी एखाद्या स्वस्त अँड्रॉइड फोनवर उघडून जोडाक्षरं नीट दिसतात ना ते बघा.